बोरघाटातील रेल्वेबांधणीच्या एका गावलेखकाच्या कथा : छापताना चुका दुरुस्त कराव्यात का?

पळसदरीकर

आमच्या भागात एक प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी बोरघाटात रेल्वेमार्ग बांधला गेला त्या काळावर कथा लिहिल्या. जिल्ह्यातील एका साप्ताहिकात आणि काही दिवाळी अंकांत त्या येऊन गेल्या, परंतु पुस्तक कधी निघाले नाही. गुरुजी आता हयात नाहीत. घरच्यांनी कात्रणे आणि हस्तलिखितांचे एक गाठोडे आमच्या वाचनालयाकडे सोपवले असून त्यांतून एक पुस्तिका काढावी असे ठरले आहे. संपादनाचे काम माझ्याकडे आले आहे.

गुरुजींनी या कथा मनाने रचल्या नाहीत. निवृत्त गँगमन, वडार वस्तीतील वृद्ध, ठाकूरवाड्यांतील माणसे यांच्याकडे बसून त्यांनी ऐकले आणि त्यातून लिहिले. सांगणाऱ्यांनीही ते आजा-पणजाकडून ऐकलेले होते. त्यामुळे कथांना रंग आहे, पण तपशिलात गफलती आहेत. एका कथेत १८५८ च्या सुमारास बोगद्यात डायनामाइट फुटतो. दुसरीत बर्कली साहेब १८६३ मध्ये पहिल्या गाडीच्या इंजिनावर उभे राहून घाट चढतात, प्रत्यक्षात या रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली ऑगस्ट १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये वारले होते. तिसरीत पूल बांधताना कोसळतो आणि गवंडी खाली सापडतात. चौथीत एक गोरी बाई घोड्यावर बसून दिवसभर घाटात देखरेख करते. साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराची कथाही अर्थातच आहे.

प्रश्न असा आहे की या चुका मजकुरातच सुधाराव्यात, तळटीप द्यावी, की जसे आहे तसे छापावे? वाचनालयाच्या समितीत तिन्ही मतांची माणसे आहेत आणि कोणीही मागे हटायला तयार नाही.

रूळपारखी

सुधारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थानिक पुस्तिका एकदा छापली गेली की पुढची तीस वर्षे शाळेचे प्रकल्प, गावजत्रेच्या स्मरणिका आणि फिरते संदेश तिच्यावरच पोसले जातात. बोरघाटाबद्दल आधीच पुरेशी ऐकीव माहिती फिरते आहे.

निदान सुरुवातीला एक पानभर कालक्रम द्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. १२ मे १८५६ ला मार्ग खोपोलीपर्यंत खुला झाला. घाटाच्या वर खंडाळा ते पुणे हा टप्पा १४ जून १८५८ ला सुरू झाला, म्हणजे मधला घाट सोडून दोन्हीकडे रेल्वे होती. घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट असा उभा उतार, एवढे आकडे वाचकाच्या समोर असले म्हणजे कथा कुठे इतिहासाला धरून आहे आणि कुठे सुटली आहे, हे त्याला कळेल.

मिश्किल

आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचे पेटंट १८६७ मध्ये घेतले. गुरुजींच्या मुकादमाला ते नऊ वर्षे आधी मिळाले असेल, तर मुकादम फारच पोहोचलेला असला पाहिजे.

सह्यपाखरू

दिवंगत लेखकाच्या मजकुराला हात लावण्याचा अधिकार संपादकाला नाही, मग तो मजकूर दिवाळी अंकातला असो वा ग्रंथातला. लेखक हयात असता तर त्यांना विचारता आले असते. आता तळटीपच द्यावी, तीही थोडक्यात. पानाचा निम्मा भाग टीपांनी भरला तर कथा कोण वाचणार? आणि रूळपारखी यांच्या कालक्रमाला विरोध नाही, पण तो शेवटी द्यावा. पुस्तिका उघडल्याबरोबर तारखांचा तक्ता समोर आला तर आमच्यासारखे लोक ती तिथेच मिटवतील.

चुनागच्ची

माझ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम होते, त्यामुळे डायनामाइटच्या कथेबद्दल एक शंका विचारतो. त्या कथेत सुरुंग कसा भरतात याचे वर्णन आहे का? असल्यास कृपया ते इथे थोडक्यात सांगावे.

पळसदरीकर

आहे, आणि सविस्तर आहे. दोघे वडार भाऊ कड्यावर दोराने खाली सोडलेले आहेत. वर दोर झाडाच्या बुंध्याला बांधलेला आहे. धाकटा उकिडवा बसून पहार धरतो, थोरला घण मारतो. प्रत्येक घावानंतर धाकटा पहार हातभर नव्हे, केवळ बोटभर फिरवतो. मग भोकात पाणी ओततात, दगडाचा राखाडी चिखल लांब दांड्याच्या पळीने उपसतात आणि शेवटी काठीला चिंधी गुंडाळून भोक कोरडे करतात. मुकादम वरून ओरडत असतो, कारण दिवस मावळायच्या आत आणखी तीन भोके उडवायची आहेत. तांब्याचा दांडा दुसऱ्या टोळीकडे गेलेला असतो. धाकटा लोखंडी पहारेनेच वरची माती ठासतो आणि सुरुंग हातातच उडतो.

चुनागच्ची

मग त्या कथेत डायनामाइट मुळात नव्हताच, हे मी खात्रीने सांगू शकतो. आपण वर्णन केलेली एकेक कृती सुरुंगाच्या काळ्या दारूची आहे. पहार फिरवली नाही तर ती कातळात अडकते आणि भोक गोल पडत नाही. भोक कोरडे करावे लागते, कारण ओल लागलेली दारू पेटत नाही. दारू भरल्यावर वर माती ठासून तोंड बंद करावे लागते, नाहीतर जोर बाहेर निघून जातो आणि दगड जागचा हलत नाही. ही ठासणी तांब्याच्या किंवा लाकडाच्या दांड्यानेच करायची, कारण लोखंड कातळावर घासले की ठिणगी पडते. ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याने ते काम स्वतः केले होते किंवा अगदी जवळून पाहिले होते. दांडा दुसऱ्या टोळीकडे गेला होता हे बाहेरच्या माणसाला सुचणारे नाही. डायनामाइट नंतर कोणीतरी घुसडला आहे. आपल्याकडे या कथेचे हस्तलिखित असेल तर ते तपासून पाहावे.

दोराने माणसे सोडण्याबद्दलही कोणाला अतिशयोक्ती वाटू नये. बोरघाटातील काही बोगद्यांच्या तोंडाशी उभे राहायलाही जागा नव्हती आणि सुरुंगाची पहिली भोके घेण्यासाठी माणसे कड्यावरून दोराने सोडावी लागली, याची नोंद अभियंत्यांच्या लेखनात आहे.

ठाकूरवाडी

कड्यावर दोराला लोंबकळणारे अभियंते नव्हते, एवढी टीप मात्र अवश्य द्यावी.

अभ्यासू_वाचक

मजुरांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. १८६१ च्या सुमारास या घाटात बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे कामावर होती. त्यांत पाट्या वाहणाऱ्या बायका होत्या आणि मुलेही होती. सुमारे सोळा लाख घनयार्ड खोदाई झाली आणि तिचा बराच भाग कातळाचा होता. हे सर्व प्रामुख्याने दिवाळी ते मृगापर्यंतच्या हंगामात, कारण पावसाळ्यात घाटात खुले काम करणे जवळजवळ अशक्यच होते.

गुरुजींच्या कथांत थकलेल्या मजुरीचा उल्लेख आहे का? जानेवारी १८५९ मध्ये याच घाटात मजुरी थकल्यावरून मोठा दंगा झाला होता. त्या वेळी काम फेव्हिएल या कंत्राटदाराकडे होते. मुख्य कंत्राटदार, त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, अशी उतरंड असल्यामुळे वरून निघालेला पैसा खाली पोहोचेपर्यंत बराच झिरपून जात असे. दंग्यानंतर थोड्याच काळात फेव्हिएल यांनी कंत्राट सोडले. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे आणि तत्सम कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यांनी झटपट निकालात काढावेत असा कायदा झाला. या कायद्यामागे बोरघाटातील प्रकरणाचा वाटा होता. कामगार कायद्यांचा इतिहास गिरण्यांपासून सुरू करणाऱ्यांनी हा घाट चढून पाहावा.

पळसदरीकर

आहे, आणि माझ्या मते तीच कथा सर्वांत चांगली आहे. तीत दंगा जवळजवळ नाहीच. कथा घडते ती आदल्या रात्री. एका झोपडीत नवराबायको मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब करत बसलेली आहेत. दोघांनाही लिहिता येत नाही, म्हणून कुडावर कोळशाने रेघा ओढलेल्या आहेत. आठवड्याच्या रेघा वेगळ्या, धान्याच्या वेगळ्या. बायको म्हणते की मुकादम रेघा मानणार नाही, त्याच्याकडे वही आहे. सकाळी नवरा कुडाचा तेवढा तुकडाच उपटून खांद्यावर घेऊन निघतो. कथा तिथे संपते. गुरुजींनी तारीखही दिलेली नाही, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच आला नाही.

सह्यपाखरू

ही कथा पुस्तिकेत पहिली घ्यावी, अशी विनंती आहे.

रूळपारखी

कथा उत्तम आहे यात वाद नाही. परंतु याच पुस्तिकेत पुढे किती मजूर मेले याचे आकडे आले असतील, तर तिथे मात्र सैल सोडू नये. पंचवीस हजार मेले हा आकडा अनेक ठिकाणी छातीठोकपणे दिला जातो. १८५९-६० च्या हंगामात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, हाहाकार उडवला आणि मजुरांचा फार मोठा भाग दगावला, हे खरे आहे. परंतु एकेका मृत्यूची नोंद ठेवली जात नव्हती आणि साथ आली की माणसे रातोरात गावाकडे पळत, त्यामुळे हजेरीतून गळालेला प्रत्येक जण मेलाच असे म्हणता येत नाही.

अभ्यासू_वाचक

रूळपारखी, आपला सावधपणा मान्य आहे, पण त्याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. किती घनयार्ड दगड निघाला याचा हिशेब नेमका ठेवला गेला आणि किती माणसे गेली याचा नाही. गुरुजींनी आकडा फुगवला असेल तर त्या न ठेवलेल्या वहीचाही त्यात हात आहे. मी आकडा खोडणार नाही, फक्त तो अंदाज आहे असे टिपेत म्हणेन.

पळसदरीकर

गुरुजींनी आकडा दिलेला नाही. मढ्यांची एक रांग आणि मरीआईचे एक ठाणे, एवढेच त्या कथेत आहे.

धनगरवाट

शिंगरोबाच्या कथेला कृपया चुकांच्या यादीत टाकू नका. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचे देऊळ आहे आणि आजही वाहनचालक तिथे नाणे टाकून किंवा हात जोडून पुढे जातात. साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती शिंगरोबा धनगराने दाखवली, बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने माझ्या लोकांना स्वातंत्र्य द्या असे मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सरकारी कागदात ती नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. धनगराचे नाव कोणता साहेब वहीत लिहिणार होता?

रूळपारखी

देवळाबद्दल आणि श्रद्धेबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो की ही गोष्ट कोणत्या वाटेची? काहीजण ती रेल्वेची सांगतात, काहीजण गाडीरस्त्याची. घाटातील गाडीरस्ता गव्हर्नर माल्कम यांच्या काळात १८३० मध्ये खुला झाला होता. त्याच्याही आधी, १७७९ च्या वडगावच्या तहापूर्वी, इंग्रज फौज तोफा ओढत याच घाटाने वर आली होती. कार्ल्याची लेणी पाहिली तर ही वाट दोन हजार वर्षे वाहती आहे असे म्हणावे लागते. मग १८५२ मध्ये साहेबाला घाट सापडत नव्हता, असे कसे म्हणायचे?

धनगरवाट

पायवाट सापडणे आणि रुळांची वाट सापडणे यांत फरक आहे. बैल जिथे वळतो तिथे इंजिन वळत नाही. रुळासाठी असा डोंगराचा सोंड हवा की जो हळूहळू चढत जाईल, मध्येच तुटणार नाही आणि पावसात खाली येणार नाही. कोणत्या घळीतून श्रावणात दगड सुटतात आणि कोणत्या धारेवर माती टिकते, हे दुर्बिणीतून दिसत नाही. ते तिथे वर्षभर शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणाऱ्याला माहीत असते. मोजणीवाल्यांनी स्थानिक वाटाडे घेतले नसतील असे आपल्याला वाटते का?

अभ्यासू_वाचक

वाटाडे घेतलेच असणार. बर्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटासाठी अनेक आखण्या मोजून पाहिल्या, त्यांची तुलना केली आणि शेवटी एक निवडली. एवढी मोजणी त्या जंगलात वाटाड्यांशिवाय झाली नसती. माझ्या मते कथेतील गोळीचा प्रसंग इतिहास म्हणून मांडू नये आणि वाट दाखवण्याचा प्रसंग थाप म्हणून झटकू नये. दैवतकथा म्हणून स्वतंत्र विभाग करावा, म्हणजे रूळपारखी यांचाही जीव शांत होईल.

मिश्किल

रूळपारखी यांचा जीव शांत होईल, हे मात्र दैवतकथांच्या विभागातच शोभेल.

कसाऱ्याचा_प्रवासी

थोडे विषयाच्या शेजारचे लिहितो. आमच्या थळघाटाचे गुरुजी कुठे आहेत? कसारा ते इगतपुरी हा चढ १८६५ च्या पहिल्या दिवशी खुला झाला. तेरा बोगदे, सहा मोठे पूल, ९७२ फूट चढ आणि एहेगावजवळचा तो खोल दरीवरचा पूल. कामाची अवघडी बोरघाटापेक्षा फार कमी नव्हती. कंत्राटदार वायथ्स आणि जॅक्सन हे होते. इतके असूनही आमच्याकडे ऐकलेले लिहून ठेवणारा कोणी निघाला नाही, किंवा निघाला असेल तर त्याची कात्रणे रद्दीत गेली. इगतपुरीला रेल्वेची जुनी वसाहत आहे, चार पिढ्या रेल्वेत काढलेली घराणी आहेत. पळसदरीकरांचे गाठोडे पाहून हेवा वाटतो.

ग्रंथघर

कसाऱ्याच्या प्रवाशांना सुचवेन की अजूनही उशीर झालेला नाही. आजोबांनी ऐकलेले सांगणारी माणसे संपली असली तरी घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांवर आणि गँगमध्ये काम केलेली माणसे आहेत. त्यांच्याकडून कामाची पद्धत विचारावी. चुनागच्ची यांनी एका ठासणीच्या दांड्यावरून आख्ख्या कथेचा पत्ता काढला, तो याच प्रकारच्या ज्ञानातून.

चुनागच्ची

पुलाच्या कथेबद्दलही बोलायचे राहिले आहे. बांधताना कोसळलेला पूल असे गुरुजींनी लिहिले आहे, तो बहुधा कागदपत्रांत ‘म्हाऊ-की-माली’ या नावाने येणारा पूल असावा. तो मार्ग सुरू झाल्यावर चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात कोसळला. हा मार्ग बांधणाऱ्या रेल्वे कंपनीच्या त्या काळातील अनेक दगडी पुलांत दोष निघाले आणि कित्येक पुन्हा बांधावे लागले. बाहेरून घडीव दगडाचे देखणे तोंड आणि आत कसेतरी टाकलेले दगडगोटे व अपुरा चुना, असे काम असले की बाहेरची भिंत एकीकडे आणि आतला भराव दुसरीकडे, असे होते. चुना घाण्यात नीट मळलेला हवा, आणि पाऊस तोंडावर आला म्हणून घाईने काम उरकले तर तो धरण्याआधीच धुपतो. घाटात दर वर्षी पाऊस तोंडावर येतच होता.

गुरुजींनी कोसळण्याचे कारण काय दिले आहे?

पळसदरीकर

पूल माणूस मागतो अशी आवई उठते, एका मजुराचे पोर नाहीसे होते, सगळे मुकादमावर संशय घेतात, आणि पोर सापडते तरी पूल पडतोच. कथेच्या शेवटी म्हातारा गवंडी म्हणतो की पुलाने माणूस मागितला नव्हता, चुना मागितला होता.

चुनागच्ची

हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलो. या कथेतील एका अक्षरालाही कोणी हात लावू नये.

रूळपारखी

वाक्य चांगले आहे, तरीही पूल १८६७ मध्येच पडला. आणि चुना कमी का पडला याचेही एक कारण टिपेत देता येईल. कंपनीला गुंतवलेल्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. हमी असली की खर्चावर धाक राहत नाही आणि कामाच्या दर्जावर नजर ठेवण्याचीही घाई नसते. पैसा भरपूर ओतला गेला, तो भिंतीच्या आत पोहोचला नाही.

सह्यपाखरू

घोड्यावरच्या बाईंचे काय झाले? मला त्यांच्याबद्दल जाणून घ्यायचे आहे.

अभ्यासू_वाचक

त्या ॲलिस ट्रेडवेल. फेव्हिएल गेल्यावर काम सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळाले. ते १८५९ च्या अखेरीस आले आणि काही आठवड्यांतच आजाराने वारले. त्यांच्या पत्नीने कंत्राट सोडले नाही, ते स्वतःच्या नावावर पुढे चालवले आणि काम तडीस गेले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका विधवेने एवढे मोठे कंत्राट पेलणे ही अपूर्व गोष्ट आहे. मात्र रोजचे बांधकाम त्यांनी स्वॅन्सन ॲडमसन आणि जॉर्ज क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांकडे सोपवले होते. बांधकामाच्या छायाचित्रांचे जे संग्रह आज उपलब्ध आहेत त्यांच्याशीही ॲलिसबाईंचे नाव जोडलेले आहे.

सह्यपाखरू

म्हणजे घोडा खोटा, बाई खरी.

रूळपारखी

आणि घोड्यामुळेच बाईंचे खरे कर्तृत्व झाकले जाते, हे माझे म्हणणे आहे. उन्हातान्हात घोडा फिरवणे कोणालाही जमले असते. नवरा गेल्यानंतर अनोळखी देशात, पटकीच्या साथीत, कंत्राट टिकवून योग्य माणसांच्या हाती सोपवणे हे खरे अवघड होते. गुरुजींनी तेच लिहायला हवे होते.

ग्रंथघर

ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांनी कंत्राटाचा कागद कधी पाहिला नव्हता. मालकीण आहे एवढे त्यांना कळले होते, आणि मालक म्हटला की तो घोड्यावर दिसायचा, म्हणून मालकीणही घोड्यावर बसली. मजुरांच्या बाजूने पाहिले तर घोडा अगदी योग्य जागी आहे.

मिश्किल

एक प्रश्न मनात आला आहे. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली आणि घाट १८६३ मध्ये, मग वरची इंजिने वर कशी गेली? उडत गेली नसणार.

पळसदरीकर

मिश्किल यांनी नेमका गुरुजींच्या सर्वांत मजेशीर कथेला हात घातला आहे. इंजिनाचे सुटे भाग, डबे, रूळ हे सर्व गाडीरस्त्यानेच वर न्यावे लागले. प्रवासीसुद्धा खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा गाडी करून खंडाळ्याला जात आणि तिथे पुन्हा आगगाडीत बसत. गुरुजींच्या कथेत खोपोलीचा एक गाडीवान बॉयलर वाहून नेण्याच्या कामावर लागतो. बैल जोडता जोडता तो बाजूच्या माणसाला विचारतो की हे धूड पुढे बैलांच्याच पोटावर पाय देणार आहे ना? तो माणूस हो म्हणतो. गाडीवान थोडा वेळ विचार करतो आणि भाडे दुप्पट मागतो.

चुनागच्ची

शाबास. घाट खुला झाल्यावर त्या पाच-सात वर्षांतील भाड्यावर जगणाऱ्या भोयांचे आणि तट्टूवाल्यांचे काय झाले असेल, यावरही एक कथा असायला हवी होती.

ग्रंथघर

मूळ प्रश्नाकडे परत येऊ या, कारण पळसदरीकरांना छापखान्याची तारीख गाठायची असणार. माझा अनुभव असा आहे की वृत्तपत्रीय कात्रणांवरून पुस्तक करताना आधी हस्तलिखिताशी ताडून पाहावे. जिथे दोन्ही उपलब्ध आहेत तिथे हस्तलिखित प्रमाण मानावे. जिथे फक्त कात्रण आहे तिथे मजकूर तसाच ठेवावा. तारखांच्या आणि व्यक्तींच्या बाबतीत विसंगती असेल तर कथेच्या शेवटी दोन ओळींची टीप द्यावी, मध्ये तारांकने टाकून वाचकाला अडखळवू नये. आणि प्रत्येक कथा गुरुजींनी कोणाकडून ऐकली याची नोंद गाठोड्यात असेल तर ती अवश्य छापावी, नावे न देता, केवळ व्यवसाय आणि वस्ती एवढेच.

पळसदरीकर

सर्वांचे आभार. काल वाचनालयात बसून हस्तलिखिते चाळली. चुनागच्ची यांचा तर्क बरोबर निघाला. वडार भावांच्या कथेत गुरुजींच्या अक्षरात सर्वत्र दारू असेच आहे आणि डायनामाइट फक्त साप्ताहिकाच्या छापील कात्रणात आहे. ती कथा आता हस्तलिखिताप्रमाणे जाईल.

बर्कली साहेबांची कथा मात्र हस्तलिखितातही तशीच आहे. तिथे शेवटी टीप देऊ. पुलाच्या कथेला पूल पडल्याच्या वर्षाची टीप असेल, मजकुराला हात लागणार नाही. ॲलिसबाईंच्या कथेला अर्ध्या पानाची जोड टीप देण्याचा विचार आहे, ती अभ्यासू_वाचक यांनी लिहून द्यावी अशी विनंती आहे. शिंगरोबाची कथा स्वतंत्र विभागात, कोणत्याही टीपेशिवाय. रूळपारखी यांचा कालक्रम शेवटच्या पानावर.

ऐकल्याच्या नोंदीही काही कथांच्या मागे पेन्सिलीने केलेल्या सापडल्या. कोळशाच्या रेघांच्या कथेमागे फक्त "वडार वस्ती, म्हातारी" एवढेच आहे.

समितीतील एका सदस्यांनी नकाशाही हवा असे सुचवले आहे. कोणी काढून देईल का?

रूळपारखी

नकाशा मी काढून देतो, परंतु त्यात १८६३ ची आखणी आणि आजची आखणी वेगवेगळ्या रेघांनी दाखवावी लागेल. जुन्या मार्गात वर रिव्हर्सिंग स्टेशन होते. तिथे गाडी एका टोकाला थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवी आखणी झाली आणि ते वापरातून गेले. हे दाखवले नाही, तर गुरुजींच्या कथांतील गाड्या मध्येच मागे का फिरतात हे आजच्या वाचकाला कळणार नाही. खोपोलीचा फाटाही ठळक दाखवू, कारण आरंभी मुख्य मार्ग तिकडेच संपत होता.

घोड्याबद्दल माझे मत कायम आहे, याची नोंद घ्यावी.

अभ्यासू_वाचक

जोड टीप येत्या रविवारपर्यंत पाठवतो. घोड्याला तीत एक वाक्य मिळेल.